आत्याने अडवलेलं बारसं

ताटं पडली तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस दचकलं, जन्मापासून बहिरा असलेला दत्तात्रयसुद्धा. दचकली नाही ती फक्त पाळण्यातली मुलगी.

रविवारच्या बारशासाठी अरुणाबाई माळ्यावरची स्टीलची ताटं उतरवत होत्या. थप्पी हातातून निसटली ती थेट पाळण्याच्या पायाशी. लखनौतल्या मानक नगरच्या त्या रेल्वे क्वार्टरची जमीन हादरली, म्हणून खिडकीशी मटार सोलत बसलेल्या त्यांच्या दिराने, दत्तात्रयाने, मान वर केली. आतून सून नयना धावत आली आणि तिच्यामागे तिची आई मीनाक्षीबाई. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या नागपूरहून आल्या होत्या. एक ताट अजून फरशीवर गरगरत होतं. मुलगी मात्र मुठी वळून गाढ झोपली होती.

"आजीवर गेली हो. कुंभकर्णाची जात," अरुणाबाई म्हणाल्या.

मीनाक्षीबाई एकदा नातीकडे बघत होत्या, एकदा दत्तात्रयाकडे. त्या बघण्याचा अर्थ अरुणाबाईंना बरोबर कळला. त्या खाली बसल्या आणि मुकाट्याने ताटं गोळा करू लागल्या.

हे झालं गुरुवारी दुपारी. संध्याकाळी अरुणाबाईंचे यजमान दिनकरराव कामावरून आले आणि त्यांनी प्रकरण हातात घेतलं. रेल्वेच्या संशोधन संस्थेत डब्यांना बसणारे हादरे मोजण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. संशय आला की मोजमाप, हा त्यांचा धर्म. त्यांनी पाळण्यापासून चार हातांवर ताट वाजवलं, मग दोन हातांवर. कुकरच्या शिट्ट्या मुद्दाम होऊ दिल्या. शेवटी हातोडी आणि लोखंडी पट्टी बाहेर आली. मुलीचा बाप सुबोध तेवढ्यात बँकेतून आला. पोरीच्या डोक्याशी हातोडी घेऊन उभे असलेले वडील बघून तो जिवाच्या आकांताने ओरडला. त्या ओरडण्यानेही मुलगी हलली नाही. नयना मात्र तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली.

शुक्रवार सकाळपर्यंत घरात दोन पक्ष पडले होते. संकट आलं की माणसं आधी त्याचा मालक शोधतात आणि हे घर त्याला अपवाद नव्हतं. दिनकररावांचा पक्ष काविळीचा. मुलगी जन्मली तेव्हा तिची कावीळ फार वाढली होती आणि तिला दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं होतं. मग नयनाचा ताप, मग पौष महिना, असं करत बारसं तिसऱ्या महिन्यावर गेलं होतं. मीनाक्षीबाईंचा पक्ष रक्ताचा होता, पण तो त्या बोलून दाखवत नव्हत्या. न बोलता त्या इतकं बोलत होत्या की अरुणाबाईंना शेवटी राहवलं नाही.

"विहीणबाई, मनात असेल ते बोला. भाऊजींचं आम्ही काही लपवलं नव्हतं. बोलणी झाली तेव्हा ते समोरच बसले होते."

"मी कुठं काही म्हणून राहिली?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "मी काहीच म्हणून नाही राहिली."

आणि हे खरं होतं. त्यांना अरुणाबाईंना दोष द्यायचा नव्हता. त्यांना आठवत होते ते नयनाचे वडील. घरात एक जन्माचा मूकबधिर आहे, पुढचा विचार कर, असं ते म्हणाले होते. मुलगा गुणी आहे, नणंद शास्त्रज्ञ आहे, आणखी काय पाहिजे, असं म्हणून हे लग्न मीनाक्षीबाईंनीच जुळवलं होतं. आता नागपूरला फोन करायचा तो कोणत्या तोंडाने, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

सुबोधचा तिसरा पक्ष होता आणि त्यात तो एकटाच होता. "कुछ नहीं हुआ है यार, झोपते ती मस्त. लहान मुलं झोपतातच," असं तो दर थोड्या वेळाने म्हणे आणि मग अंगणात जाऊन उभा राही.

शेवटी अरुणाबाईंनी अलीगंजला राहणाऱ्या लेकीच्या, मैत्रेयीच्या, घरमालकांकडे फोन लावला. कारण सांगितलं नाही, नुसतं "ये" म्हणाल्या.

मैत्रेयी कायनेटिक स्कूटर लावून आत आली तेव्हा सगळे तिच्याकडे असे बघायला लागले की तिला वाटलं, कोणीतरी गेलं. दहा वर्षं ही मुलगी एका संशोधन संस्थेत कानावर काम करत होती आणि दहा वर्षं या घराने त्या कामाची थट्टा केली होती. "आमच्या ताईचे उंदीर" असं सुबोध सगळ्यांना सांगे. ते गिनीपिग होते, पण ही दुरुस्ती करणं तिने कधीच सोडून दिलं होतं. लखनौमधली वीज दुपारी जायची आणि असली तरी तिचा दाब वरखाली व्हायचा, म्हणून ती पहाटे प्रयोगशाळेत जाई. काचेची नळी तापवून ओढायची, तिचं केसाहूनही बारीक टोक आतल्या कानातल्या एका पेशीपर्यंत न्यायचं, आणि ती पेशी जिवंत आहे तोवर तिचं बोलणं टिपायचं. कधी काही मिनिटं मिळत, कधी तीही नाही. सुरुवातीला तर रस्त्यावरून ट्रक गेला तरी नळीचं टोक हले. तेव्हा दिनकररावांनीच स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा आणि त्यांवर कोटा दगडाची जाड फरशी असं एक टेबल तिला बनवून दिलं होतं. परदेशातून येणारं टेबल कागदपत्रांत अडकलं ते अडकलंच. तिचे सगळे निष्कर्ष बापाच्या त्या फरशीवर उभे होते.

तिने ताटांची हकीकत ऐकली, हातपाय धुतले आणि मुलीजवळ बसली. मुलगी नुकतीच दूध पिऊन पेंगुळलेली होती. मैत्रेयीने तिच्या डोक्यामागे टाळी वाजवली. पापणी हलल्यासारखी वाटली. पण टाळीचा वारा लागूनही पापणी हलते. मग तिने देवघरातली घंटा आणली आणि दोन्ही बाजूंना वाजवली. मुलीने जांभई दिली.

मैत्रेयीने घंटा खाली ठेवली. काविळीत काय होतं ते तिला या घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, आणि तेच तिच्या विषयाच्या अगदी मध्यावर येऊन बसत होतं. कान धड असतो, आवाज आत पोचतो, पण पहिली पेशी पुढच्या नसेला जो निरोप देते तोच नीट जात नाही. दहा वर्षं तिने हे प्राण्यांत पाहिलं होतं. आता तिची भाची समोर जांभया देत होती.

"सांग ना," अरुणाबाई म्हणाल्या. "तुला कळतं यातलं."

"असं बघून नाही कळत, आई."

"दहा वर्षं कानाचंच करून राहिली तू," मीनाक्षीबाई हळूच म्हणाल्या. "घरच्या पोरीचा कान नाही कळत?"

ते लागलं. मैत्रेयीने ते गिळलं, कारण बोलणारीचे ओठ थरथरत होते.

"काकू, एक तपासणी असते. डोक्याला तारा चिकटवतात आणि कानात टिकटिक ऐकवतात. मेंदूकडून उत्तर येतं का ते यंत्र बघतं. मुलीने काही सांगायला लागत नाही, ती झोपलेलीच हवी. मी ओळखीच्या बाईंना फोन करते. उद्या सकाळी जाऊ."

"उद्या?" मीनाक्षीबाई उठून उभ्या राहिल्या. "परवा बारसं आहे. इंदिरा नगरची सगळी मंडळी येऊन राहिली. आधी बारसं होऊ द्या. तपासणी सोमवारी करा. एक दिवस तरी माझ्या लेकीचा आनंदात जाऊ द्या."

"विहीणबाई म्हणतात ते बरोबर आहे," दिनकरराव म्हणाले. सकाळी ते काविळीच्या पक्षात होते, आता पुढे ढकलण्याच्या पक्षात आले. मोजायला निघालेल्या माणसाला आकडा समोर येतो आहे म्हटल्यावर धीर सुटतो, तसं त्यांचं झालं होतं.

"मग बारशाला दुसरी आत्या शोधा," मैत्रेयी म्हणाली.

आमच्याकडे बाळाचं नाव कोणी का ठरवीना, ते पहिल्यांदा बाळाच्या कानात सांगायचा मान आत्याचा. ती वाकते, कुर्रर्र करते, कानात नाव सांगते, आणि मागच्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपके घालतात. या मुलीला आत्या एकच होती.

"असं काय बोलतेस गं?" अरुणाबाई म्हणाल्या.

"तिच्या कानाशी वाकायचं, नाव सांगायचं, तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि मला त्या वेळी माहीत नसणार की ते तिच्यापर्यंत पोचलं की नाही. मला नाही जमणार ते. ऐकू येत नसेल तरी मी सांगेन नाव. पण माहीत असून सांगेन."

"नवीनच हट्ट हा," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

तेव्हा आतापर्यंत एक शब्द न बोललेली नयना बोलली. तिने मुलीला खांद्यावर घेतलं होतं आणि ती कोणाकडेच बघत नव्हती. "माई, उद्या जाऊ. परवा मला लोकांसमोर हसायचं आहे. खोटं हसता यायचं नाही मला."

आईविरुद्ध नणंदेची बाजू तिने लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घेतली होती. मीनाक्षीबाई खाली बसल्या. दत्तात्रय दारात उभा राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्याला कोणी काही सांगितलं नाही. या घरात त्याला सगळं हातांनी सांगायची पद्धत होती, पण गुरुवारपासून त्याच्यासमोर सगळ्यांचेच हात मुके झाले होते. तो वळला आणि मागच्या अंगणात गेला.

दुपारी ओसरीवर ऊन आलं. दिनकरराव तिथे खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या लाइनीवरून मालगाडी रखडत चालली होती आणि तिच्या जोडण्या एकेक करून खणखणत होत्या. मैत्रेयी येऊन पायरीवर बसली.

"काविळीने जातं ते परत येतं का?" त्यांनी विचारलं.

"कधीकधी. कधी नाही."

"तू दहा वर्षं नेमकं काय बघतेस? मी टेबल बनवून दिलं, पण नीट कधी विचारलं नाही."

मैत्रेयी हसली. "तुमच्या भाषेत सांगू? जुन्या लाइनीवर एका स्टेशनातून घंटा द्यायची, पुढच्याने उत्तर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही."

"लाइन क्लिअर."

"तसं समजा. कानातली पेशी आवाजाने हलते. पण तिच्या आणि नसेच्या मधे फट असते, तार जोडलेली नसते. पेशी त्या फटीत रसायनाचे थेंब सोडते, पलीकडची नस ते उचलते. एका क्षणात कितीदा, आणि वेळ न चुकता. ते थेंब ती कसे मोजून सोडते, हे मी बघते. एवढंच."

"आणि ते कळलं?"

"थोडं."

दिनकररावांनी मान हलवली. थोडं म्हणजे किती, हे त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं नाही. "सुबोधचं लग्न ठरलं तेव्हा मी दत्ताकडे बघितलं होतं," ते म्हणाले. "मनात म्हटलं, आता पुढे जाऊ नये हे. भावाबद्दल असा विचार करावा माणसाने?"

"मीही करते बाबा," मैत्रेयी म्हणाली. "मी तर त्यावर नोकरी करते."

शनिवारी सकाळी धुकं होतं. नयना, सुबोध, मैत्रेयी आणि मीनाक्षीबाई असे चौघे मुलीला घेऊन दवाखान्यात गेले. अरुणाबाई घरी राहिल्या. कोणीतरी देवापाशी बसायला हवं, असं त्या म्हणाल्या, आणि दिनकररावांना त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतलं.

तपासणीची खोली लहान होती, तिच्या भिंतींना जाड गादी लावलेली होती. दार लागलं तसा बाहेरचा सगळा गलबला बंद झाला. "दूध पिलाकर लाई हैं न?" यंत्रावर बसणाऱ्या बाईंनी विचारलं. "सो जाए तभी होगा. जल्दी मत कीजिएगा." मैत्रेयी त्यांना म्हणाली की मी मधे बोलणार नाही, फक्त बघते.

नयना मुलीला मांडीवर घेऊन बसली. बाईंनी कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या, कानावर छोटा हेडफोन धरला. टिकटिक सुरू झाली. ती नयनाला अगदी पुसट ऐकू येत होती, भिंतीआड घड्याळ असावं तशी. पडद्यावर एक रेघ होती आणि ती वेडीवाकडी थरथरत होती. त्या रेघेत काय बघायचं ते नयनाला कळत नव्हतं, म्हणून तिने पडद्याकडे बघणं सोडून दिलं. ती मैत्रेयीच्या तोंडाकडे बघत बसली. चार वर्षांत या नणंदेशी तिचं फार बोलणं झालं नव्हतं. ताई हुशार, ताई बिनलग्नाची, ताईला स्वयंपाक येत नाही, एवढंच तिला माहीत होतं. आता त्या तोंडावरची एकही रेघ तिला चुकवायची नव्हती.

मैत्रेयीचा चेहरा कोरा होता. मग कपाळावर आठी पडली.

"कुछ नहीं आ रहा," बाई म्हणाल्या.

मीनाक्षीबाईंनी डोळे मिटले. सुबोध दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि या वेळी 'कुछ नहीं हुआ' असं म्हणाला नाही.

"वो कान के पीछे का तार," मैत्रेयी शांतपणे म्हणाली. "एक बार देख लीजिए. उखड़ा हुआ लग रहा है."

बाईंनी बोट लावून पाहिलं. तार खरंच सुटली होती, तिचा लेप दुधाने भिजला होता. त्यांनी ती पुसली, नवीन लेप लावून पुन्हा चिकटवली. मुलगी कुरकुरली, नयनाने तिला थोपटलं, आणि टिकटिक पुन्हा सुरू झाली.

नयना पुन्हा त्या तोंडाकडे बघू लागली. बराच वेळ काही झालं नाही. मग मैत्रेयीने खालचा ओठ दातांत धरला. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

"ताई?"

"बोलू नकोस, झोपू दे तिला," मैत्रेयी म्हणाली. पण तिचा आवाज फुटला होता आणि त्या फुटलेल्या आवाजात जे होतं ते दुःख नव्हतं. बाईंनी आवाज कमी केला, आणखी कमी केला, मग दुसरा कान घेतला. प्रत्येक वेळी रेघेवर मेंदूच्या उत्तराचे तेच पाच उंचवटे उगवले, त्यातला पाचवा सगळ्यांत ठसठशीत. मैत्रेयी असे उंचवटे पहाटे पहाटे एकटीने बघत आली होती. आज ते बघायला घरची माणसं सोबत होती.

"दोनों कान बिल्कुल ठीक हैं," बाई म्हणाल्या. "धीमी आवाज़ भी सुन लेगी. किसने कहा कि नहीं सुनती?"

सुबोध भिंतीच्या गादीवर कपाळ टेकून हसत होता की रडत होता, ते सांगता आलं नसतं. मीनाक्षीबाईंनी पुढे होऊन नातीच्या आधी मैत्रेयीची अलाबला घेतली, कडाकड बोटं मोडली. "काल तुला बोलली मी," त्या म्हणाल्या. "मनात नको धरू."

"धरलं होतं काकू. आता सोडलं."

परत येताना टेम्पोत सुबोधने तो प्रश्न काढला. "पण मग ताई, ताटं? बाबांची हातोडी?"

मैत्रेयीही त्याचाच विचार करत होती. तेवढ्यात मीनाक्षीबाईंना घसा कोरडा वाटला म्हणून त्यांनी पिशवीतून खडीसाखरेची पुडी काढली. मेणकागद चुरचुरला. टेम्पोचं इंजिन फटफटत होतं, मागून ट्रकवाला हॉर्न देत होता, आणि त्या सगळ्यात नयनाच्या मांडीवरच्या मुलीने डोळे टक्क उघडून मीनाक्षीबाईंच्या हाताकडे वळवले.

"पुन्हा करा," मैत्रेयी म्हणाली.

मीनाक्षीबाईंनी कागद पुन्हा चुरगाळला. मुलीने पाय झाडले.

मैत्रेयी जोरात हसायला लागली, इतकी की टेम्पोवाल्याने मागे वळून पाहिलं. "अरे, आपण किती मूर्ख. ही पोटात असल्यापासून मालगाड्या ऐकते आहे. लोखंडावर लोखंड, रात्रंदिवस. हिवाळाभर धुक्यात इंजिनवाल्याला इशारा म्हणून रुळांवर फटाके लावतात ते वेगळे. तिच्या मेंदूने केव्हाच ठरवून टाकलं, याला उत्तर द्यायचं कारण नाही. आणि आपण तिला काय ऐकवलं? स्टीलची ताटं. कुकर. हातोडी. त्या खणखणाटामागून तुझं ओरडणं. मी शहाणी, मी आणली रोज दोनदा वाजणारी घंटा. एकानेही तिला नवीन काही ऐकवलं नाही. हळू काही ऐकवलं नाही."

"तू तर यात डॉक्टरेट केलीस," सुबोध म्हणाला.

"गिनीपिग असते तर लगेच ओळखलं असतं. भाची होती ना."

घरी पोचेपर्यंत धुकं विरलं होतं. अरुणाबाई फाटकातच उभ्या होत्या. टेम्पोतून उतरणाऱ्यांची तोंडं बघून त्यांना सगळं कळलं आणि तशा वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्या धावत आल्या. दिनकररावांनी धुक्यातल्या फटाक्यांचं ऐकलं आणि ते कपाळावर हात मारून घेत म्हणाले की वॅगनी आदळताना ऐकत वाढलेली पोर, ती ताटाला काय घाबरणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी हातोडी उचलून कपाटात टाकली. मीनाक्षीबाईंनी नागपूरला फोन लावला आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला सांगितलं, "अहो, मस्त ऐकू येते तिला. हो. मीच म्हटलं होतं ना, स्थळ चांगलं आहे." अरुणाबाईंनी शिऱ्याला रवा घेतला. घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडले. तीन दिवस घरावर बसलेलं ओझं असं उतरलं की सगळे एकाच वेळी बोलू लागले.

मैत्रेयीच्या लक्षात आलं की काकाला कोणी सांगितलंच नाही.

दत्तात्रय मागच्या अंगणात उन्हात बसला होता. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात तो नकाशे गिरवण्याचं काम करी, बारशासाठी त्याने आठवडाभर रजा काढली होती. मैत्रेयी त्याच्यासमोर बसली. कानाला बोट लावून तिने मूठ उघडली, म्हणजे ठीक आहे.

त्याने मान डोलावली. माहीत आहे, असं त्याचे हात म्हणाले. वहिनी फाटकाकडे पळाली, मी बघितलं.

"तू खूश?" तिने हातांनी विचारलं.

"हो," तो म्हणाला. मग तळहात जरासा हेलकावला. "थोडा नाही."

त्याचे हात सावकाश बोलत होते.

"गुरुवारपासून तुम्ही सगळे रडत होता. मी ठरवत होतो, पहिल्यांदा काय शिकवायचं. पाणी की आई. मग दुसरं काय. मला लहानपणी कोणी शिकवलं नाही. हरवू नये म्हणून आई मला पदराला बांधून ठेवायची, तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मला कोणी नव्हतं. हिला मी होतो."

या माणसासाठी मैत्रेयी या विषयात आली होती. त्याच्यासारखं पुन्हा कोणी होऊ नये, एवढाच विचार तिने इतकी वर्षं केला होता. त्याच्यासारखं कोणी झालंच, तर त्याच्याइतकं चांगलं शिकवणारं माणूस घरातच आहे, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की तिने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. त्याला बोलायचं होतं, म्हणून त्याने ते सोडवून घेतले.

दारात नयना मुलीला घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. "काय म्हणाले काका?" तिने विचारलं.

मैत्रेयीने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. नयना ऐकत राहिली. चार वर्षांत तिने जेवण, चहा आणि कोणी आलंय, एवढ्या तीन खुणा शिकून घेतल्या होत्या आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

"त्यांना सांगा, जे शिकवणार होते ते शिकवा म्हणावं. हिला नंतर. आधी मला."

"तूच सांग."

नयना पायरी उतरून दत्तात्रयासमोर बसली आणि मुलीला तिने त्याच्या मांडीवर ठेवलं. तिने त्याच्या हातांकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मनापासून म्हणते आहे की आनंदाच्या भरात, ते ताडत असावा. मग त्याने मनगटाभोवती दोन बोटं फिरवली.

"हे काय?" नयनाने विचारलं.

"तू," मैत्रेयी म्हणाली. "काकाने घरातल्या प्रत्येकाचं एक नाव ठेवलेलं असतं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा हातभर चुडा होता. तेव्हापासून तू ही."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं नाहीस."

नयनाने त्याच्या मांडीवरच्या मुलीकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. हिचं?

दत्तात्रय हसला. डाव्या हाताची तर्जनी सरळ धरून त्याने ती उजव्या मुठीत घट्ट पकडली. दवाखान्यातून आणली त्याच दिवशी तिने माझं बोट असं धरलं होतं, असं त्याने मैत्रेयीला सांगितलं, आणि तिने ते नयनाला. घरात त्या वेळी शिऱ्याला वेलची घालायची की नाही यावरून दोन्ही आज्यांचं वाजलं होतं आणि ते अंगणापर्यंत ऐकू येत होतं.

नयनाने आपल्या मुलीचं नाव करून पाहिलं. तिने चुकून अंगठा धरला. दत्तात्रयाने मान हलवली, तिचा हात हातात घेऊन बरोबर बोट धरवलं, आणि पुन्हा कर म्हणून खूण केली.